खिळ्यावरची काठी

"आला! बघा, आला!"

टिपणीस साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी मीटरकडे बोट केलं. मी बघतच होते. बावीसशे व्होल्टवर ठाम उभा असलेला काटा, कुणी पाय ओढावा तसा धाडकन खाली आला आणि शून्यावर जाऊन पडला.

"बंद करा," मी म्हणाले. "आणि मागं सरा."

त्यांनी बटण खाली केलं. "मी कुठे हात लावतोय? हात तर तुम्हालाच लावायचा आहे."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. खाली बसून ते चष्मा पुसायला लागले.

कारण त्या लोखंडी डब्यानं माझा नवरा मारला होता. तीन वर्षांपूर्वी, याच टेबलाशी, अशाच टळटळीत दुपारी.

त्याचं नाव अंबादास येमूल. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. जे नाव हवालदारानं पंचनाम्यात लिहिलं ते मी का घेऊ नये? नगरला माळीवाड्यात आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आम्ही पद्मशाली, विणकर. सासऱ्यांचा हातमाग होता, पण अंबादासला मागाच्या खटखटीपेक्षा रेडिओची खरखर गोड लागायची. कुठल्या शाळेत शिकला नाही. लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेले जुने सेट उघडून उघडून शिकला, आणि मी त्याच्या शेजारी बसून शिकले. ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंग माझ्याकडं असायचं. बोटांना लहानपणापासून सुताची सवय, त्यामुळं वेढ्याला वेढा असा बसायचा की मध्ये केस शिरणार नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, येमूलबाईंचं काम मशीनपेक्षा साफ. मला ते ऐकायला आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

टिपणीस साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनियर. भिंगारला त्यांची बंगली, गच्चीवर उंच अँटेना. परवाना काढून घरबसल्या जगभरच्या लोकांशी रेडिओवर बोलायचं, ही त्यांची हौस. आवाज लांब जावा म्हणून सेटला जोडायचा एक अँप्लिफायर त्यांनी स्वतः बांधला होता, तोही लष्करी मालातून. पाण्याच्या बाटलीएवढे काचेचे दोन व्हॉल्व्ह, विटेएवढे तेलाचे कंडेन्सर. घरातला प्लग असतो दोनशे तीस व्होल्टचा, ह्याच्या पोटात बावीसशे. आणि बटण बंद केलं म्हणून ते बावीसशे कुठं जात नाहीत, कंडेन्सरमध्ये साठून बसतात. त्यांना उतरवायला एक मोठा रेझिस्टर असतो, ब्लीडर म्हणतात. बंद केल्यावर अर्ध्याएक मिनिटात तो सगळं हळूहळू रिकामं करतो. तरी शहाणा माणूस लगेच आत हात घालत नाही. आधी काठी लावतो.

काठी म्हणजे करंट न वाहणाऱ्या बेकेलाइटचा हातभर दांडा, टोकाला पितळी आकडा. आकड्यापासून निघालेली तार दांड्यावरून मुठीपर्यंत येते, तिथून बाहेर पडते आणि तिच्या शेवटचा चिमटा मशीनच्या लोखंडी सांगाड्याला लावतात. आकडा कंडेन्सरच्या टोकाला टेकवायचा. आत काही उरलं असेल तर टक् आवाज होतो, ठिणगी पडते, आणि उरलेलं त्या तारेतून निघून जातं. मग हात घालायचा, तोही एकच. अंबादास डावा हात पाठीमागं पट्ट्यात खोचून काम करायचा. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो म्हणायचा.

आणि पंचनाम्यात लिहिलं होतं: सुरक्षेची काठी भिंतीवरील खिळ्यास टांगलेली आढळली. मयताने ती वापरली नाही.

मयताने. एका ओळीत त्याला बावळट ठरवून मोकळे झाले. बाजारात लोक मला ऐकू येईल असं बोलायचे. "येमूल ना? स्वतःच्या धंद्यातलं कळेना त्याला." माझा दीर म्हणाला, "वहिनी, घाई नडली त्याला." घाई! इस्त्री दुरुस्त करताना प्लग काढून खिशात ठेवणारा माणूस तो. मी त्यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि माझ्यावर कुणी ठेवला नाही.

तीन वर्षं मी भिंगारच्या त्या रस्त्याला गेले नाही. मग त्या एप्रिल महिन्यात टिपणीस साहेब स्वतः दुकानाची पायरी चढून आले. छत्री मिटून हातात घेऊन उभे राहिले.

"दोन वर्षं झाकून ठेवलं होतं हो मी ते मशीन," ते म्हणाले. "मग पुन्हा काढलं. थंडीत नीट चाललं. आता पुन्हा तेच. तापलं की मीटर मधेच शून्यावर येतं, थंड झालं की आपोआप ठीक."

तीच तक्रार. तीन वर्षांपूर्वी अंबादासला सांगितली होती ती, त्याच शब्दांत.

"मग राहू द्या ना बंद," मी म्हणाले.

"शनिवारी स्पर्धा आहे, अनसूयाबाई. चोवीस तासांत जास्तीत जास्त देशांशी बोलायचं. मला एकदा तरी... पुण्याहून दोघं आले होते. उघडायला तयार नाहीत. त्यांना कळलंय ना, इथे काय झालं ते."

"आणि मला कळलेलं नाही?"

छत्रीचं टोक जमिनीवर फिरवत राहिले.

"उद्या येते," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, बाई धंद्यासाठी तयार झाली. धंदा गेला खड्ड्यात. मला त्या डब्याच्या आत बघायचं होतं. ह्या माणसानं आत काहीतरी चुकीचं बांधलेलं असणार, माझी खात्री होती. ते शोधायचं आणि त्याच्या तोंडावर मारायचं. माझी भारती तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेत पोरं तिला विचारायची, तुझा बाप बटण बंद करायला विसरला होता का गं? त्याचं उत्तर मला आणायचं होतं.

सकाळी नऊला मी तिथं पोचले. खोली तशीच. टेबल, सेट, भिंतीवर देशोदेशीच्या रेडिओवाल्यांनी पाठवलेली कार्डं चिकटवलेली. आणि खिळ्याला काठी. अंबादासची काठी. मशीन वरचेवर उघडावं लागायचं म्हणून तो ती तिथंच ठेवायचा. तीन वर्षांत कुणी हात लावलेला दिसत नव्हता. आकड्यावर हिरवट चढलं होतं. मुठीवर तार आवळून धरणारे निळ्या सुताचे वेढे धुळीनं काळपट झाले होते. ते वेढे माझ्या हातचे. मी आकडा पॉलिश पेपरनं घासून पिवळा केला, चिमटा सांगाड्याला लावला आणि काठी उजव्या हाताशी ठेवली.

टिपणीस वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या. तीन वर्षांपूर्वी अंबादासला न्यायला आम्ही आलो तेव्हा त्या आतल्या खोलीत बसून होत्या, बाहेर आल्या नव्हत्या.

"मुलगी कुणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

"शाळेत. दुपारी शेजारणीकडं."

"जपून करा हो." एवढंच म्हणून त्या आत गेल्या. पण पुढं दोन तास मला जाणवत होतं, त्या दाराआड उभ्या आहेत.

दोन तास तो बिघाड आलाच नाही. असला बिघाड मला सगळ्यात घाण वाटतो. कायमचा बिघाड प्रामाणिक असतो, एका जागी बसून राहतो, तुम्ही जाऊन त्याला पकडायचं. हा लपून बसतो. आपण बघतोय तोवर सगळं सुरळीत, पाठ वळली की चावतो. मी मशीन चालू करायची, आतला आपोआप जोडणारा रिले खट्ट करायचा, ट्रान्सफॉर्मरची घूं घूं टेबलातून माझ्या कोपरापर्यंत यायची, काटा चढत चढत बावीसशेवर जाऊन थांबायचा. व्हॉल्व्ह लालसर व्हायचे. मी तशीच उभी. हाताला घाम यायचा, तो पदराला पुसायची, परत यायचा. भीती वाटत नव्हती असं सांगणारी बाई मी नाही. माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि मी त्या टेबलाच्या पायाला टेकवून उभी होते.

"अंबादासनं पण असंच वाट बघत बसवलं होतं," टिपणीस साहेब मागून म्हणाले.

"तुम्ही बोलू नका."

शेवटी मीच त्याला डिवचायचं ठरवलं. तापला की येतो ना? मग तापवू. मशीनच्या मागच्या पंख्यावर मी टॉवेल टाकला. वारा बंद. दहा मिनिटांत वरचा पत्रा हात टेकवेना इतका तापला, जुन्या वार्निशचा वास सुटला. पंधरा मिनिटं. वीस.

आणि काटा पडला. "आला! बघा, आला!"

बटण बंद केल्यावर मी भिंतीतला प्लगही उपसला. तो टेबलावर माझ्यासमोर ठेवला, दिसेल असा. मग वरच्या पत्र्याचे स्क्रू. चार आधीच काढून ठेवले होते, दोन राहिले होते. घाई करायची होती, कारण थंड झालं की बिघाड पुन्हा लपणार. त्या घाईलाच मी घाबरत होते.

पत्रा उचलला. आतून गरम हवा तोंडावर आली. समोर दोन व्हॉल्व्ह, कडेला कंडेन्सर, त्यांच्यामागं चिनी मातीचा लांब ब्लीडर. सगळं नेटकं बांधलेलं. माणूस कसाही असो, काम साफ होतं, आणि त्याचा मला राग आला.

मीटर बघितलं. शून्य.

डावा हात पाठीमागं घेऊन पदरात गुंडाळला. उजव्या हातानं काठी उचलली आणि आकडा कंडेन्सरच्या टोकाला टेकवला.

काही झालं नाही. आवाज नाही, ठिणगी नाही.

"रिकामा आहे," टिपणीस साहेब म्हणाले. सुस्कारा सोडला त्यांनी.

मीटर म्हणत होतं रिकामा. काठी म्हणत होती रिकामा. मी काठी खाली ठेवली आणि हात आत घातला. ब्लीडरला तडा आहे का ते बोटानं चाचपायचं होतं. हात निम्म्यावर गेला असेल. कंडेन्सरचं टोक माझ्या करंगळीपासून चार बोटांवर.

टक् का झालं नाही?

हा विचार डोक्यात आला की हातात, मला आज सांगता येणार नाही. हात थांबला. बंद करून मिनिटही झालं नव्हतं. आमच्या दुकानात इतक्या लवकर काठी लावली की नेहमी थोडं तरी वाजायचं. अंबादास त्याला म्हणायचा, मशीननं ढेकर दिला. आणि तो काटा! कंडेन्सर रिकामा व्हायला वेळ लागतो. काटा जिना उतरल्यासारखा यायला हवा होता, एकेक पायरी. हा धाडकन पडला होता. व्होल्ट असे पडत नाहीत. मीटर पडलं होतं.

मीटर त्या ब्लीडरच्याच खालच्या टोकाला जोडलेलं होतं, मला ते समोर दिसत होतं. ब्लीडर तापून मधेच तुटला की मीटरकडं काही पोचणार नाही. ते शून्य दाखवणार. आणि कंडेन्सरला उतरवणाराही तोच असल्यानं कंडेन्सर गच्च भरलेला राहणार.

माझा हात आत होता. तो बाहेर काढायचा एवढंच काम, पण कोपर कुठं लागेल, मनगट कुठं टेकेल, मला काही कळेना. श्वास मी धरूनच ठेवला होता. हात आला तसा, त्याच वाटेनं, इंच इंच मागं घेतला. बाहेर आल्यावर तो माझा हात आहे असं वाटेना.

"काय झालं?" टिपणीस साहेब उठत होते.

"बसा खाली!" मी ओरडले.

काठी परत उचलली. आकडा टेकवला. काही नाही. आकडा नीट टेकला नसेल म्हणून तसाच दाबून मी मूठ जराशी पिळली.

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. निळीपांढरी ठिणगी डोळ्यांत घुसली. आकड्याचं टोक वितळून त्याचा मणी झाला होता. कानांना दडे बसले, खोलीत जळक्या पितळेचा वास. माझ्या हातून काठी सुटली नाही, बोटंच उघडत नव्हती.

टिपणीस वहिनी धावत आत आल्या. "अहो! परत? परत कोण..." आणि मला उभी बघून त्या थांबल्या. माझ्या हाताकडं बघायला लागल्या. एकदम चेहऱ्यावर हात घेतले.

"अशीच होती," त्या म्हणाल्या. "अशीच त्याच्या हातात होती."

"कुमुद, आत जा," टिपणीस साहेब म्हणाले.

"काय होतं हातात?" मी विचारलं.

"कुमुद!"

"नाही जात मी आत. तीन वर्षं आतच आहे." त्या माझ्याकडं वळल्या. "काठी, बाई. तो पडला तेव्हा काठी होती त्याच्या पाठीमागे घेतलेल्या डाव्या हातात, घट्ट. ह्यांनी सोडवली आणि पोलीस यायच्या आधी खिळ्याला लावली. मी दारात उभी होते."

मी टिपणीस साहेबांकडं बघितलं. तो माणूस भिंतीवरच्या कार्डांकडं बघत होता.

"मला वाटलं," ते हळू म्हणाले, "काठी लावूनसुद्धा मेला म्हटलं तर माझं मशीनच... मला आत टाकतील. परवाना जाईल. मी घाबरलो हो."

"परवाना."

"त्या वेळी काही सुचलं नाही."

"सुचलं की! खिळा सुचला!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझ्या नवऱ्याच्या मुठीतून बोटं उचकटून काढलीत तुम्ही. मेलेल्याची बोटं. आणि मग हात धुऊन हवालदाराला सांगितलंत, ह्यानं काठी वापरली नाही. माझी पोर शाळेतून रडत येते, टिपणीस. तुम्ही इथं बसून जपानशी गप्पा मारता!"

वहिनी खाली बसल्या होत्या, फरशीवर, भिंतीला टेकून.

"कागद घ्या," मी म्हणाले. "लिहा. मयताने काठी वापरली होती. तुमच्या सहीनं. वहिनींची साक्ष."

ते उठले, खणातून कागद काढला, लिहायला बसले. हात कापत होता. मला त्या कापण्याचं सुख झालं. खोटं कशाला बोलू.

ते लिहीत होते तेवढ्यात माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट उभी राहिली. काठी लावली होती. तरी मेला. मीसुद्धा लावली होती.

पिशवीतून मी मल्टिमीटर काढला. एक टोक आकड्याला, एक चिमट्याला. तार सलग असेल तर तो पीं वाजतो. वाजला. मूठ हलवली. गप्प. परत हलवली. पीं. गप्प. पीं. कुणीतरी दारावरच्या घंटीशी खेळ करावा तसा.

तार तुटली होती. आतल्या आत. वरून लाल प्लास्टिक अखंड, चकचकीत, आत तांबं तुटलेलं. तुकडे कधी एकमेकांना टेकायचे, कधी नाही. अख्ख्या मशीनमधला बिघाड शोधायला दोघं आलो, अंबादास आणि मी, आणि ज्या काठीच्या भरवशावर आत हात घातला ती तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. मेकॅनिक सगळ्यावर संशय घेतो, स्वतःच्या हत्यारावर घेत नाही.

तार नेमकी कुठं तुटली ते बघायला मी मुठीवरचे वेढे उकलायला लागले. निळं सूत. शेवटची गाठ माझी, आमच्या घरात मागावरचा तुटलेला धागा जोडताना मारतात तीच. नखानं सोडवली. वेढ्यामागून वेढा निघत गेला. सगळे कसे घट्ट. मध्ये केस शिरणार नाही असे. आणि जिथं वेढे संपून तार मुठीतून बाहेर पडत होती, तिथं, अगदी त्या कडेला, आवळून आवळून तारेला कंबर पडली होती. काठी उचलली, ठेवली, टांगली की दर वेळी तार तिथंच मुडपणार. दुसरीकडं वाकायला मी जागाच ठेवली नव्हती.

दुकानात बसून केलेली ती काठी मला आठवली. ही लाल प्लास्टिकची तार निवडून मी हातात घेतली होती, तेव्हा अंबादास म्हणाला, "ही नको अनसू. उघडी जाळीची तार लाव. तुटली तर दिसली पाहिजे."

"आणि अशी भिकार दिसू दे? लोक काय म्हणतील, येमूलबाईचं काम?"

तो हसला होता. "बरं बाई. तुझी काठी, तुझी मर्जी."

"झालं," टिपणीस साहेब म्हणाले. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. मयताने काठी वापरली होती, ती मी स्वतः काढून खिळ्यास लावली. खाली सही. तिच्याखाली कुमुद टिपणीस. मग त्यांचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. उकललेलं निळं सूत, लाल तार, तुटलेलं तांबं. इंजिनियर माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"काठीची तार तुटलेली होती," ते म्हणाले. "हेही लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. पेन वर धरून माझ्याकडं बघितलं. "कुणी बनवली होती ते लिहू?"

खोलीत मशीन थंड होत होतं. पत्रा मधूनमधून कुटकुट वाजत होता. मला भारती दिसली, शेजारणीच्या पायरीवर बसलेली. आई, उत्तर आणलंस का? सकाळपासून त्या बावीसशे व्होल्टांची जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या पेनाची वाटली.

"त्याची गरज नाही," मी म्हणाले.

त्यांनी टोपण लावलं. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांच्या बरोबरीला आलो.

मशीन मी तसंच उघडं टाकून निघाले. काठी घेऊन आले. शनिवारची स्पर्धा झाली असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही. टिपणीस चार वर्षांनी गेले. शेवटपर्यंत त्यांनी त्या सुताचं नाव कुणाजवळ काढलं नाही.

तो कागद मी फ्रेम करून दुकानात लावला. येणारा जाणारा वाचायचा. काठी टिपणीसचीच असणार असं धरून बाजारानं आपलं बोलणं बदललं. येमूल सावध माणूस, त्या टिपणीसनं मारला त्याला. भारती ताठ मानेनं शाळेत जायला लागली. एकदा तिनं विचारलं, "मग चूक कुणाची होती?" मी म्हणाले, "टिपणीसची." तो जिवंत असताना आणि मेल्यावरही त्याच्यावर ते ढकलायला मला काही जड गेलं नाही. तेवीस वर्षं मी ते ढकललं. त्यानंतर केलेल्या प्रत्येक काठीला मात्र उघडी जाळीची तार लावली, आणि आधी काठी तपासा मग मशीन, असं कारागिरांना ओरडून सांगत राहिले. का, ते सांगितलं नाही.

आता दुकान भारती चालवते. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. परवा ती एका डॉक्टरांचा असलाच अँप्लिफायर घेऊन आली, तेच व्हॉल्व्ह, तसलेच कंडेन्सर. भिंतीवर माझी नवी काठी होती, पण तिनं हात घातला कपाटावरच्या जुन्या काठीला.

"ही बाबांची ना? हिच्यानं करते. त्यांची आठवण."

"ठेव ती," मी म्हणाले. "चालत नाही ती."

"बघू तरी. दिसायला तर अजून कसली सुंदर आहे." घरी आणल्यावर मी ते सूत पुन्हा होतं तसं गुंडाळून ठेवलं होतं. तेवढेच घट्ट.

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. पोटऱ्या थरथरायला लागल्या, टेबलाच्या पायाला टेकवल्या.

"भारती," मी म्हणाले, "त्या मुठीवरची गाठ सोड. आणि कुणाची आहे ते बघ."